एकशे बासष्ट गुण

"त्यात कठीन काय हाये बाप्पा?" अनसूयाबाई म्हणाल्या. "घ्याचं, वाजवाचं, ठेवाचं."

मी पत्रकावर लिहिलं, 'घेणे, वाजवणे, ठेवणे', आणि पुढचा प्रश्न विचारला. कामात अंगमेहनत किती पडते?

"बसून तं असतो दिवसभर," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'मी असतो, मी करतो' असंच म्हणतात. "मेहनत भट्टीवाल्याइले. आमाले पंखा हाये, सावली हाये."

"कामात चूक झाली तर काय नुकसान होतं?"

"नाई होत चूक."

"पण समजा, झाली तर?"

"एकोनीस वर्षं झाले बाबू, नाई झाली. आता कायची होते?"

बाई एकेका उत्तरासरशी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती, आणि तो धोंडा उचलून तिच्या हातात देणारा मी होतो.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. चंद्रपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे कार्मिक विभागात नव्यानेच लागलो होतो. वय चोवीस, नागपूरची पदविका, आणि नोकरी अजून कच्ची. जुलैच्या एक तारखेला मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. मी जात्याच काळजीखोर माणूस. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. अशा माणसाच्या हातात कंपनीने त्या वर्षी साडेतीनशे लोकांच्या कामांचं मोल ठरवायची पत्रकं दिली होती.

मुंबईहून एक सल्लागार आले होते. ते एक हिरव्या पुठ्ठ्याची पुस्तिका ठेवून गेले. कारखान्यातल्या प्रत्येक कामाला सहा बाबतींत गुण द्यायचे: शिक्षण, अनुभव, कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाच्या जागेची परिस्थिती. सगळे मिळून पाचशे. त्या बेरजेवरून कामाची श्रेणी ठरणार. ज्या कामाला एकशे साठपेक्षा कमी गुण पडतील ते काम ऑगस्टपासून ठेकेदाराकडे जाणार, म्हणजे ते करणाऱ्यांची कायम नोकरी संपली. पुस्तिकेचं पहिलंच वाक्य ठळक अक्षरांत होतं, 'मूल्यमापन कामाचे करायचे आहे, ते करणाऱ्या व्यक्तीचे नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्यात एक प्रकारचा न्याय आहे असं वाटायचं.

बाकीच्या खात्यांतले लोक हुशार होते. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना युनियनने पढवून ठेवलं होतं. भट्टीवरच्या एकाने तर महिन्याला आपलं चालणं इथून नागपूरपर्यंत भरतं असं शपथेवर सांगितलं, आणि स्टोअरच्या कारकुनाने चाव्यांच्या जबाबदारीने आपल्याला झोप लागत नाही असं सांगताना जांभई दिली. मी सगळं लिहून घेतलं. गुण भराभर पडत गेले.

वाजवणीच्या टेबलावर मात्र गाडं अडलं. तिथे तीन बायका बसायच्या. भट्टीतून भाजून निघालेला नग डाव्या हाताने उचलायचा, लाकडी हातोडीने त्यावर तीन ठोके मारायचे आणि कान द्यायचा. धड नग टण् टण् वाजतो. आत केसाएवढी चीर असली तर आवाज बसतो. बसलेल्या नगावर निळ्या खडूने फुली मारायची आणि तो बाजूला टाकायचा. एवढंच काम. कुंदा बावणे आणि निर्मला आत्राम तीन-चार वर्षांपासून होत्या. अनसूयाबाई निखाडे कारखाना सुरू झाल्यापासून, पन्नाशीला टेकलेल्या, विधवा, कपाळावर हिरवं गोंदण. गावात कारखान्यात कायम असलेली बाई म्हणून त्यांना मान होता. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मुलगा होता, पण तो अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या औषधपाण्याला कंपनीचा दवाखाना होता. तो दवाखाना फक्त कायम नोकरांसाठी होता.

त्यांचा घोटाळा मला हळूहळू कळला. त्यांच्या मते, काम जड आहे असं सांगणं म्हणजे आपल्याला ते येत नाही अशी कबुली देणं. एकोणीस वर्षांच्या कमाईवर असं पाणी सोडायला त्या तयार नव्हत्या. मी जितकं खोदून विचारलं तितकं त्यांनी काम सोपं करून सांगितलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बेरीज केली. एकशे अठरा. पुन्हा केली, खालून वर केली. एकशे अठराच.

दुसऱ्या दिवशी मी परत टेबलापाशी गेलो आणि या खेपेला सरळच सांगितलं की एकशे साठ झाले नाहीत तर तिघींना ठेकेदाराकडे जावं लागेल. कुंदाच्या हातातली हातोडी थांबली. निर्मला रडवेली झाली. अनसूयाबाई मात्र वाजवत राहिल्या.

"मंग काय खोटं सांगू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो की खोटं नको, पण तुम्ही नेमकं काय करता ते तरी नीट सांगा. तेव्हा त्यांनी टेबलावर पाच नग मांडले, हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यातला फुटका काढा."

मी वाजवत बसलो. भट्टीचा पंखा घरघरत होता, गाड्यांची चाकं रुळांवर कुरकुरत होती, आणि पाचही नग मला सारखेच वाजत होते. घाम गळायला लागला. शेवटी परीक्षेत उत्तर ठोकून द्यावं तसं मी दुसऱ्या नगावर बोट ठेवलं. कुंदा तोंडाला पदर लावून हसली. अनसूयाबाईंनी चौथा उचलला. मी तो प्रयोगशाळेत नेऊन फोडवला. आत, मध्यभागी, पेन्सिलच्या रेघेएवढी काळी चीर होती.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. हाती पुरावा आला होता. कुंदाने आपणहून सांगितलं की तीन वर्षं झाली तरी अजून दिवसातून दोन-चार वेळा अडतं आणि अनसूयामावशीला विचारावं लागतं. म्हणजे काम शिकायला तीन वर्षंही पुरत नाहीत. मी अनुभवाचे गुण वाढवले, कौशल्याचे वाढवले, दोन्ही पुस्तिकेच्या नियमात बसवून, मनाला न टोचता. बेरीज झाली एकशे बावन्न.

आठ गुण कमी.

ते आठ गुण मी चार दिवस शोधत होतो. जेवताना, बसची वाट पाहताना, दाढी करताना. श्रमांत वाढवावे तर पंखा आणि सावली आड येत होती. जबाबदारीत वाढवावे तर चुकांच्या नोंदी लागत होत्या, आणि या बाईने एकोणीस वर्षांत एक चूक करून ठेवली नव्हती. पुस्तिकेप्रमाणे जिथे चुकीची नोंद नाही तिथे जबाबदारी किमान. मला तर त्या पुस्तिकेचा रागच आला. शिवाय पत्रकं द्यायचा दिवस जवळ येत होता. आमचे कार्मिक अधिकारी देवस्थळे साहेब रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन, "वासेकर, वाजवणी राहिली," एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे. ते पुण्याचे. कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे मला त्यांची जास्तच भीती वाटायची.

राहिला होता शिक्षणाचा रकाना. 'लिहिता-वाचता येणे' याला पाच गुण होते, 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण' याला पंधरा. मी पाचावर खूण केली होती, कारण तीच खरी होती. ती खोडरबराने पुसली आणि पंधरावर केली. शेरा लिहिला, 'भट्टी क्रमांक, गाडी क्रमांक व बाद नगांच्या नोंदी ठेवण्यासाठी आवश्यक.' तशी नोंदवही होतीही. ती पर्यवेक्षक भरायचा.

एकशे बासष्ट. दोन गुण वरच. त्या दुपारी मी चार दिवसांनी पोटभर जेवलो.

पत्रकावर काम करणाऱ्यांपैकी सर्वांत जुन्या माणसाची सही लागायची. अनसूयाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लागल्या. मी घाईघाईने म्हणालो की सगळं वाचायची गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही. बोट शिक्षणाच्या रकान्यावर येऊन थांबलं.

"हे दहावी कोनाची?"

"कामाची."

"कामाले दहावी काहाले लागते? मले नाई लागली."

मी त्यांना पुस्तिकेचं पहिलं वाक्य समजावून सांगितलं. हे तुमच्याबद्दल नाही, बाई. माणसाचा यात संबंधच नाही. कामाची किंमत कागदावर वाढली की तुमची जागा पक्की. माझा आवाज फार खात्रीचा होता, कारण माझी स्वतःची खात्री होती. कुंदा आणि निर्मला दोघी दहावी पास होत्या, त्यामुळे त्यांना या रकान्यात काही वावगं दिसलं नाही. अनसूयाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मले हे पटत नाई," त्या म्हणाल्या. "पन तुमी शिकले-सवरले मानूस. तुमच्या भरवशावर करतो सही."

आणि त्यांनी सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

समितीची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. देवस्थळे साहेब, मुंबईचे सल्लागार आणि युनियनचे टेमुर्डे. मी कोपऱ्यात फायली घेऊन उभा. एकेक काम वाचलं जात होतं आणि मी वाजवणी कितव्या नंबरला आहे ते मोजत होतो. नंबर आला तेव्हा सल्लागारांनी चष्मा वर केला आणि विचारलं की तीन ठोके मारायला दहावी कशाला. मी शेऱ्यात लिहिलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. टेमुर्ड्यांना वाजवणीची नोंदवही कोण भरतं ते पक्कं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. लागते दहावी." त्यांना तीन कायम जागा वाचत होत्या. देवस्थळ्यांनी खूण केली आणि पुढचं पत्रक उचललं.

मी बातमी सांगायला धावतच गेलो. निर्मलाने चहा पाजला. दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी फडक्यात बांधून टेंभरं आणली, जंगलातली, पिवळीधमक. मी ती खुर्चीवर बसून खाल्ली, एकट्याने सगळी. आपण कोणाचं तरी भलं केलं ही भावना किती चविष्ट असते ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे बरोबर नऊ दिवसांनी देवस्थळे साहेबांनी मला बोलावलं आणि एक साधं कारकुनी काम दिलं. आता प्रत्येक कामाला लागणारं किमान शिक्षण पत्रकात ठरलं होतं. तेव्हा त्या त्या जागेवर बसलेल्या माणसांचं शिक्षण सेवापुस्तकातून काढायचं आणि ज्यांचं कमी भरतं त्यांची यादी करायची. महिन्याभरात ज्यांना दाखला आणता येणार नाही त्यांना 'योग्य त्या' कामावर हलवलं जाणार होतं.

मी यादी करायला बसलो. दोन रकान्यांची तुलना, डोक्याला ताप नाही. यंत्रशाळेतला एक, मग पॅकिंगमधले दोन. मला अशी कामं आवडायची. वाजवणीचं पान उघडलं, कुंदा बावणे, दहावी, बरोबर. निर्मला आत्राम, दहावी, बरोबर. निखाडे अनसूया, चौथी.

माझा हात पुढच्या ओळीवर गेलाही होता. तो मागे आला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. मी सेवापुस्तक तीनदा पाहिलं. खाली माठातलं पाणी प्यायला गेलो, परत आलो, चौथ्यांदा पाहिलं. चौथीच होती.

तसाच देवस्थळ्यांच्या केबिनमध्ये गेलो. धीर एकवटून म्हणालो, जुन्या लोकांना या अटीतून सूट देता येईल का? त्यांनी पेन खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं. कोणासाठी ते विचारलं. मी नाव सांगितलं.

"यादीत अशी किती नावं आहेत?"

"आतापर्यंत अकरा, सर."

"एकीला सूट दिली की बाकीचे दहा दाराशी उभे राहतील. आणि त्यांना काय सांगायचं?" ते माझ्याकडे बघत राहिले. "वासेकर, एक सरळ विचारतो. या कामाला दहावी लागत नाही असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर पत्रक चूक आहे. ते तुम्ही भरलंय. आपण परत समितीपुढे नेऊ."

तो माणूस मला दार उघडून देत होता, हे मला आज दिसतं. तेव्हा मला दिसली ती समोरच्या फायलीवरची माझी स्वतःची नोकरी. एक जुलैला दहा दिवस होते. खोटं पत्रक भरणाऱ्याला कोण कायम करतं? शिवाय पत्रक परत गेलं तर पुन्हा एकशे बावन्न. मग तिघीही गेल्या. हे दुसरं कारण खरंच होतं, पण ते मला पहिल्यानंतर सुचलं. तो क्रम मी कधी विसरलो नाही.

"लागते सर," मी म्हणालो. "नोंदींसाठी लागते."

"ठीक आहे," त्यांनी पेन उचललं. "यादी उद्यापर्यंत द्या. आणि तुमचं काम चांगलं आहे. मी वर तसं कळवलंय."

मी 'थँक यू सर' म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी अनसूयाबाईंना गाठलं. त्या मातीच्या ढिगामागे बाभळीच्या सावलीत डबा खात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. यादी, चौथी, दहावी, माझं खोडरबर, सगळं. साहेबांनी मला सरळ विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं, पण ते जरा भरभर. मग म्हणालो, तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता परत जातो आणि खरं सांगतो. फक्त एवढंच की, मग कुंदा आणि निर्मलाही तुमच्याबरोबर ठेकेदाराकडे जातील. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"मले कुठं टाकनार?"

"माती यार्डात. हेल्पर म्हणून. ते काम ठेक्यावर चाललंय."

"अन् दवाखाना?"

मी मान खाली घातली. ठेक्यावरच्यांना दवाखाना नव्हता.

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा काढून लावलं.

"कुंदीचं लगन ठरलं हाये," त्या म्हणाल्या. "नोकरी पाहून ठरलं. अन् निर्मलीच्या घरी पाच जन खाते. त्याइले मी बुडवू?"

"म्हणजे सांगू नको?"

त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"तुमाले सांगाचं असतं तं तुमी तिथंच सांगून आले असते. माह्याकडे काहाले आले? मी 'नोको' म्हनाव म्हनून?"

त्या उठल्या, पदर झटकला आणि भोंगा व्हायच्या आधीच आत निघून गेल्या. मी बाभळीखाली उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळ्यांत आधी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यावरचं काहीतरी उतरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं होतं. मग त्या सुटकेचीच शिसारी आली. ती आजतागायत येते, मधूनमधून, काही कारण नसताना.

एक जुलैला मला कायम केल्याचं पत्र मिळालं. अनसूयाबाईंना दुसरं पत्र मिळालं, तेही माझ्याच टाइपरायटरवर टाइप झालेलं. एक ऑगस्टपासून त्या माती यार्डात गेल्या. तिथे मातीची ढेकळं फोडायची, चाळायची, घमेली भरून गाडीत टाकायची. मी त्यांच्या मुलासाठी दवाखान्यात शब्द टाकून पाहिला. डॉक्टर चांगले होते, दोन वेळा औषध दिलं, तिसऱ्या वेळी नियम दाखवला. मग मी बाहेरून औषध आणून त्यांच्या घरी पाठवलं. ते त्यांनी घेऊन जाणाऱ्याच्या हाती परत पाठवलं. यार्डाच्या बाजूने जाताना मी रस्ता बदलायला लागलो.

अनसूयाबाईंच्या वाजवणीची आठवण मात्र कारखान्याला लवकरच झाली. सप्टेंबरमध्ये वाजवणीतून धड म्हणून आलेले नग प्रयोगशाळेतल्या चाचणीत फुटण्याचं प्रमाण वाढलं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा कमी झालं. देवस्थळे साहेब म्हणाले, बघा, मुली तयार झाल्या. मीही मान डोलावली.

डिसेंबरात दुसरा टप्पा निघाला. आता ठेक्यावरच्या कामांचीही पत्रकं भरायची होती, म्हणजे त्यांतली कोणती अजून कमी माणसांत भागवता येतात ते कळावं. माती यार्ड माझ्याकडे आलं. मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी गेलो.

थंडी होती. अनसूयाबाई अंगाभोवती जुनी चादर गुंडाळून ढेकळं फोडत होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. मी ठोकळ्यावर बसून विचारायला लागलो. काम काय? त्यांनी सांगितलं. मेहनत किती? या वेळी त्यांनी काम सोपं करून सांगितलं नाही. कंबर जाते, छातीत माती जाते, पावसाळ्यात पाय कुजतात. सगळं शांतपणे सांगितलं आणि मी लिहिलं.

तेवढ्यात शेडच्या मागच्या बाजूने कुंदा आली. लग्न झाल्याचं मंगळसूत्रावरून दिसत होतं. पदराखाली तिने काहीतरी धरलं होतं. मला पाहून ती दचकली आणि उभी राहिली. अनसूयाबाईंनी हात पुढे केला. तिने पदराखालून तीन नग काढून दिले. अनसूयाबाईंनी मातीचे हात चादरीला पुसले, ढेकळं फोडायच्या लाकडी मोगरीच्या दांड्याने एकेक नग वाजवला. दोन परत दिले. तिसऱ्यावर बोटाने मातीची फुली काढली. कुंदा काही न बोलता आली तशी निघून गेली.

"रोज येते?" मी विचारलं.

"दोघी येते. आडलं का येते. दिवसातून आठ-दहा डाव."

पत्रकाच्या शेवटी 'इतर कामे' असा एक रकाना होता. माझ्या डोक्यात एकदम गुण फिरायला लागले. कौशल्य, अनुभव, जबाबदारी. आता तर चुकांच्या नोंदीही होत्या, सप्टेंबरच्या, प्रयोगशाळेच्या सहीनिशी. या एका रकान्यावर मी ही बाई परत आत नेऊ शकत होतो. मी पेन टेकवलं, 'वाजवणी विभागास' एवढं लिहिलं.

अनसूयाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मातीचा, थंडगार.

"ते नोका लिवू," त्या म्हणाल्या. "लिवलं का तेबी जाईन."

त्यांनी हात काढला नाही. मग मी लिहिलेले दोन शब्द खोडले आणि पुढे 'नाहीत' असं लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि मग सही केली.